पाणी येईल म्हणणारा माणूस

चावीकाकांना ‘नाही’ म्हणता येत नसे. स्वभाव म्हणून नव्हे, नोकरीमुळं. पाणीपुरवठा खात्यात ते व्हॉल्व्हमन होते. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडून फिरवायची, की त्या बाजूच्या नळांना पाणी. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे व्हॉल्व्ह हळू फिरवायचा, झटका दिला की पाइप फुटतो. आणि दुसरी, लोकांनी पाणी कधी येणार असं विचारलं की ‘येईल’ म्हणायचं.

“कधी ते सांगायचं नाही,” साहेब म्हणाले होते. “नाही म्हणालास तर लोक अंगावर येतील. माहीत नाही म्हणालास तर खात्याची अब्रू जाईल. येईल म्हणायचं आणि पुढं चालू पडायचं.”

पहिला धडा काकांच्या हातात मुरला आणि दुसरा जिभेवर. पुढं पुढं तर पाण्याचाच काय, कशाचाही प्रश्न आला की तोंडातून तोच शब्द बाहेर पडायचा. भाड्याचं घर सोडून स्वतःचं होईल का? होईल. मुलीला नोकरी लागेल का? लागेल. गंमत अशी, की यातलं बरंचसं झालंही. घर झालं, मुलगी शिकली, दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीला लागली. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना घासून गुळगुळीत झालेली ती जुनी चावीच भेट दिली. ती दाराच्या मागं उभी असे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा दार लावताना तिच्यावर एकदा तरी डोकं आपटून घेत असे.

सगळ्या वस्तीचा काकांवर विश्वास होता. एक बायको सोडून.

आता यात तिची चूक नव्हती. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला घर माणसांनी भरलं होतं. सकाळी बायकोनं विचारलं, “अहो, आज पाणी येईल ना?” काका म्हणाले, “येईल.” त्या दिवशी मुख्य पाइप फुटलेला होता आणि हे काकांना पक्कं माहीत होतं, कारण आदल्या दिवशी त्यांनीच त्याचा व्हॉल्व्ह बंद केला होता. पण जीभ वळली ती सवयीनं वळली. संध्याकाळी पाहुण्यांनी केक खाऊन हात रुमालाला पुसले, आणि काकूनं उष्ट्या बशा तशाच टोपलीत रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक पिंप घेऊन आली.

तेव्हापासून त्या घरात पाणी भरण्याचा जो कार्यक्रम सुरू झाला तो कधी थांबला नाही. पिंप, बादल्या, पातेली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, चहाची किटली, सगळं रोज भरायचं, झाकायचं, दुसऱ्या दिवशी ओतून पुन्हा भरायचं. अख्ख्या शहराला पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरात पाय ठेवायला जागा नाही अशी भांडी, हे बघून लोकांना हसू फुटे. काकू हसत नसे. “सरकारवर विश्वास ठेवा म्हणून मला शिकवू नका,” ती म्हणायची. “मी सरकारशी संसार केलाय.”

काकांना हे लागायचं, पण ते वाद घालत नसत. त्यांचं सरकारबद्दल स्वतःचं असं एक मत होतं. लोक सरकार म्हणताना वर कुठंतरी बोट दाखवतात. काकांच्या डोळ्यांपुढं मात्र एक माणूस यायचा. मफलर गुंडाळून, अंधार असतानाच उठून, खांद्यावर चावी टाकून निघालेला. कुठल्याही घोषणेच्या मागं असा कोणीतरी असणारच, आणि तो आपलं काम करत असणारच, असं त्यांना मनापासून वाटे. स्वतः त्यांनी इतकी वर्षं केलं होतं, मग दुसरा का करणार नाही?

मग ती साथ आली.

टीव्हीवर रोज संध्याकाळी कोणीतरी अधिकारी येऊन बोलू लागला. काका खुर्चीत ताठ बसून ऐकत, जणू साहेबांनी एकट्याला केबिनमध्ये बोलावलंय. घरात बसा म्हटलं, काका बसले. हात धुवा म्हटलं, काकांनी इतके धुतले की काकू म्हणाली, “अहो, पाणी मी भरते, संपवताय तुम्ही.” थोड्याच दिवसांत सगळं आटोक्यात येईल असं अधिकारी म्हणाला, तेव्हा काकांनी मान डोलावली.

काकूनं त्याच वेळी शिवणयंत्र बाहेर काढलं.

“आता हे कशाला?”

“तो येईल म्हणाला ना, म्हणून.”

जुने अभ्रे उसवून तिनं तीन पदरी मास्क शिवले. सरकारनं वाटलेले फुकटचे मास्क तिनं उजेडासमोर धरून पाहिले होते. त्यातून तिला समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता आल्या. किराणा तर तिनं घोषणेच्या आधीच भरून ठेवला होता. लोक दुकानासमोर रांगा लावत होते आणि ही बाई घरात शांतपणे बटणं लावत बसली होती. सरकारवर तिचा काडीचा विश्वास नव्हता आणि त्यामुळं तिचं कशावाचून अडत नव्हतं. तिला लहानपणापासून दमा होता. हवा बदलली, धूळ उडाली, की छाती भरून यायची. तेव्हा जपणं तिला नवीन नव्हतं.

काकांची खरी पंचाईत झाली ती सगळं सैल झाल्यावर. अधिकारी म्हणाला, परिस्थिती नियंत्रणात आहे, बागा उघडतोय, काळजी घेऊन फिरायला हरकत नाही. काकांनी ‘काळजी घेऊन’ एवढं सोडून बाकीचं नीट ऐकलं. दुसऱ्याच दिवशी पायात चप्पल सरकवली.

“मास्क?” काकू म्हणाली.

“अगं, नियंत्रणात आहे.”

“टाकी फुटली होती तेव्हा रिक्षातून भोंगा लावून नियंत्रणात आहे म्हणत कोण फिरत होतं? आणि गुडघाभर पाण्यात कोण उभं होतं?”

दोन्ही काकाच होते. त्यामुळं त्यांनी मास्क खिशात घातला आणि निघाले. बागेतल्या बाकावर त्यांचा जुना मित्र पोस्टमन बसलेला होता. तोही निवृत्त, तोही सरकारी, तोही मास्क खिशात घातलेला. इतक्या दिवसांच्या साचलेल्या गप्पा दोघांनी खांद्याला खांदा लावून संपवल्या. मजा आली. काका घरी आले ते शीळ घालत.

त्याच आठवड्यात पोस्टमनला ताप आला आणि त्याला दवाखान्यात हलवलं. बातमी कळताच काकूनं काकांची गादी पुढच्या खोलीत टाकली, मधलं दार लावलं आणि दारापलीकडं खुर्ची ठेवून बसली. जेवणाचं ताट खिडकीतून यायचं. काका आत, काकू बाहेर, मध्ये लाकडी दार. एवढ्या वर्षांच्या संसारात ते दोघं इतकं कधी बोलले नव्हते. ती दारापलीकडून मटार सोलत सोलत मुलीच्या लहानपणचं काहीबाही सांगायची. ते इकडून हसायचे. मग ती विचारायची, “खोकला ऐकू आला मला. कोरडा का ओला?” ते म्हणायचे, “हसलो गं.” “हसताना तोंड झाका,” ती म्हणायची.

काकांना काही झालं नाही. नशीब, दुसरं काय. पोस्टमन बऱ्याच दिवसांनी परतला. समोरचा जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबणारा, शर्ट अंगावर लोंबणारा. त्याला खिडकीतून पाहिलं आणि काका घाबरले. स्वतःसाठी नव्हे. आपण तो ताप घरात आणला असता, आणि काकूच्या त्या छातीत तो शिरला असता तर, हा विचार त्यांच्या मनात आला तो पुन्हा गेलाच नाही. त्या दिवसापासून काकांनी मास्क नाकावरून उतरवला नाही. टीव्हीवरचा अधिकारी काय म्हणतो हे ते अजूनही ऐकत, पण मग वळून काकूकडं बघत.

पुढं लस आली. ज्येष्ठांना आधी. काका पहिल्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून जाऊन आले, जसं काही त्यांचा सत्कार होता. आल्यावर दंड दाखवत म्हणाले, “आता तू.”

“मी नाही.”

“अगं, फुकट आहे.”

“म्हणून तर नाही.”

काकांनी सगळं करून पाहिलं. पेपरातली कात्रणं दाखवली. मुलीला फोन लावून दिला. मुलगी अर्धा तास बोलली आणि मग काकांना परत फोन करून म्हणाली, “बाबा, आईनं मलाच दोन मास्क एकावर एक घालायला सांगितलं आणि फोन ठेवला.” कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, दमा आहे म्हणूनच घ्यायला हवी. काकू त्यांना म्हणाली, “विचार करते,” आणि घरी येऊन पिंप घासायला बसली. विचार करते म्हणजे नाही, हे काकांपेक्षा चांगलं कोणाला कळणार. शब्द कसा वापरायचा हे दोघांनाही ठाऊक होतं.

काकांचा जीव टांगणीला लागला. साथ पुन्हा वाढत होती. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या अंधारातच राहू लागल्या होत्या. आणि ही बाई रोज सकाळी तीन पदरी मास्क बांधून बरण्या भरत होती, जसं काही तेवढ्यानं भागणार होतं. काकांना राग यायचा. आपलं अर्धं आयुष्य ज्या खात्यात गेलं त्याच्या शब्दाला आपल्याच घरात कवडीची किंमत नाही, याचा राग. आणि ती किंमत आपणच घालवली, हे कळायचं म्हणून आणखी राग.

एका दुपारी ती माळ्यावरून जुनी पातेली काढत होती. धूळ उडाली. एकदम काही तरी पडल्याचा आवाज आला म्हणून काका धावले, तर ती ओट्याला धरून उभी, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं, आणि आत हवा जाईना. काकांनी कपाटातून तिचा दम्याचा पंप आणला, तोंडाला लावला, दाबला. पुन्हा दाबला. तिचा हात त्यांच्या मनगटावर असा आवळलेला होता की नखं रुतली. हळूहळू श्वास सुटा झाला. तिला त्यांनी खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “अहो, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“ती लस घेतली तर मला काही होणार नाही ना? माझ्या या छातीला?”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर जिभेवर तयार होतं. काही होणार नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा विचारत होती, दार किलकिलं झालं होतं. एक शब्द टाकला की आत. आयुष्यभर हेच तर केलं होतं. काकांनी तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तो शब्द यायची वाटच बघत होती, म्हणजे मग मान फिरवायला ती मोकळी.

“माहीत नाही,” काका म्हणाले.

तिनं मान फिरवली नाही.

“खरंच माहीत नाही गं. मला ताप आला, हात दुखला, बस. डॉक्टर म्हणतात दम्याच्या माणसांनी घ्यावी, आणि ते शिकलेत, मी नाही. पण तुझं काय होईल ते मी कुठून सांगू? मला एवढंच कळतं की पोस्टमनला झालं तसं तुला झालं तर तुझी छाती ते सोसणार नाही. आता दोन मिनिटं तू श्वास घेत नव्हतीस, तर मला काही सुचत नव्हतं. मला भीती वाटते. तू गेलीस तर मी या घरात काय करू? या एवढ्या बादल्या कोणासाठी?”

एवढं बोलून ते नळाकडं तोंड करून उभे राहिले. नळ बंदच होता.

काकूनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, “वाढदिवसाला पण असंच खरं सांगितलं असतं, तर मी पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं.”

“हं.”

“उद्या जाऊ,” ती म्हणाली. “आधी पाणी भरते, मग जाऊ.”

लसीकरण शाळेच्या हॉलमध्ये होतं. काकू दोन मास्क बांधून, हातात स्वतःची पाण्याची बाटली घेऊन निघाली. नर्सबाई तिच्या मुलीच्या वयाची होती, डोळ्यांखाली काळं आलेली, पण हात चपळ. काकूनं बाही वर करायच्या आधी उलटतपासणीच सुरू केली.

“दमा आहे मला.”

“डॉक्टरांना विचारलंय ना? मग घ्या. नंतर अर्धा तास इथंच बसा, माझ्या समोर. मी बघत राहीन.”

“काय होईल मला?”

“हात दुखेल. ताप बहुतेक आज संध्याकाळी येईल.”

काकूनं मान वळवून काकांकडं पाहिलं. काका छताकडं बघत होते.

“नक्की येईल?”

“बऱ्याच जणांना येतो. नाही आला तरी घाबरू नका.”

अर्धा तास काकू खुर्चीत बसली आणि नर्सबाईवर नजर ठेवून राहिली. नर्सबाईही मधून मधून मान उचलून तिच्याकडं बघत होती. एकदा तर हातातलं काम थांबवून तिनं लांबूनच खूण करून विचारलं, ठीक ना? काकूनं मान हलवली. “बघते हं ती,” ती काकांच्या कानाशी म्हणाली. “म्हणाली तशी बघते.” तिच्या आवाजात नवल होतं. काकांना स्वतःचं कौतुक झाल्यासारखं वाटलं, पण ते गप्प बसले, शहाण्यासारखे.

संध्याकाळी चहा होतो न होतो तोच आतून हाक आली. “अहो, इकडं या.”

काका धडपडत गेले. काकू अंथरुणात होती, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून. चेहरा लाल झालेला, डोळे चमकत होते, आणि तोंडावर असं समाधान, की मुलीचा निकाल लागला होता तेव्हाही इतकं नव्हतं.

“आला,” ती म्हणाली.

काकांनी कपाळाला हात लावला. तापलेलं होतं.

“सांगितल्याप्रमाणे आला बघा. वेळेवर,” काकू म्हणाली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बादलीतून पाणी घेतलं, रुमाल पिळला आणि तिच्या कपाळावर ठेवला. श्वास नीट चालला होता. शेजारी पंप होता, लागला नाही.

“उद्यापर्यंत उतरेल का हो?” तिनं डोळे मिटून विचारलं.

“माहीत नाही. मी बसलोय इथं.”

“बसा,” ती म्हणाली आणि झोपली.

सकाळी नळाला आधी हवा आली, मग फुरफुर करत पाणी आलं. तो आवाज काका झोपेतही ओळखत. काकू अजून गाढ झोपलेली होती, कपाळ गार लागत होतं. काका उठले, बाह्या सारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरात पाणी भरायला बसले. पिंप भरलं, बादल्या भरल्या, पातेली, बरण्या. कंबर मोडून आली. हे रोज करत होती ही बाई, आपल्या एका शब्दापायी. शेवटी किटलीही भरली, आणि सगळीकडं ओळीनं मांडलेलं ते पाणी बघत ते खुश होऊन उभे राहिले. उद्या पाणी आलं नाही तरी चालणार होतं. अर्थात येईलच, असं त्यांना आतून वाटत होतं, पण ते बोलले नाहीत.

मागं पावलं वाजली. काकू दारात उभी होती, केस विस्कटलेले, ताप उतरलेला. तिनं सगळी भांडी एकदा नजरेखालून घातली. मग काकांकडं बघितलं, बराच वेळ, आणि तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

“भरलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “आता झाकणं कोण ठेवणार, सरकार?”

काकांनी झाकणं ठेवली.